काचेतला समुद्र आणि विजेचं बिल

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. गुरुवारची पूजा आटोपून मी जरा टेकले होते, तेवढ्यात अकोल्याहून धाकट्या जावेचा फोन आला.

"जाऊबाई, ह्यांनी नवीनच खूळ डोक्यात घेतलंय. दिवाणखान्यात म्हणे समुद्र आणायचा! काचेच्या पेटीत जिवंत प्रवाळ ठेवायचे! दुकानदारानं नुसत्या दिव्याचेच अठरा हजार सांगितले. मी तर बाई हबकलेच. पोरीच्या क्लासची फी भरायची, की माशांना दिवे लावायचे? तुमच्याकडे पेटी आहे, तर तुम्हीच या आणि ह्यांना चार शब्द सांगा."

मला हसू आलं, आणि तिची कीवही आली. पाच वर्षांपूर्वी आमच्या अमरावतीच्या घरात हाच प्रसंग घडला होता. मुलानं हट्टानं समुद्राच्या पाण्याची पेटी केली, आणि दोन वर्षांनी शिकायला पुण्याला निघून गेला. पेटी राहिली माझ्या गळ्यात! तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "माशायले उजेड कायले पाह्यजे वं? ते का पेपर वाचतेत?" त्या वेळी मलाही उत्तर देता आलं नव्हतं. आज देता येतं. त्यासाठी पैसे मोजले, चुकाही केल्या, आणि एका चुकीपायी काही मुके जीव गेले. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

हौसेला मोल नसतं हे खरंच. पण महिन्याच्या बिलाला असतं, आणि ते बहुधा आपल्याच हिशेबाच्या वहीत येऊन बसतं. तेव्हा घरात असा विषय निघाला, तर नुसतं "नको" म्हणण्यापेक्षा हिशेब मांडून बोलावं हे बरं.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे

पोवळं आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. कुणाच्या मंगळसूत्रात काळ्या मण्यांच्या मधे असतं, कुणी मंगळासाठी अंगठीत घालतं. ते लाल पोवळं भूमध्य समुद्रात, खोल आणि अंधाऱ्या जागी वाढतं. त्याला उजेड लागत नाही.

पेटीतले रंगीबेरंगी प्रवाळ मात्र त्यांचे दुसरे भाऊबंद. ते उथळ, कोमट, स्वच्छ पाण्यात राहतात. दिसायला झाडासारखे, पण असतात प्राणी. त्यांच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं सूक्ष्म शैवाल वस्तीला असतं. ते उजेडात अन्न तयार करतं आणि घरमालकाला भाडं द्यावं तसं त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. अशा प्रवाळाची बहुतेक उपजीविका या भाड्यावरच चालते. म्हणजे इथे दिवा शोभेचा नाही, ते त्या जिवाचं जेवण आहे. साध्या माशांना जेवण आपण चिमटीनं घालतो, प्रवाळाला ते दिव्यानं वाढावं लागतं. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर हे असं!

पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जरी जास्त दिवस तापलं, तरी हा संसार मोडतो. प्रवाळ शैवालाला बाहेर काढतो आणि पांढराफटक पडतो. १९९८ साली समुद्र तापला तेव्हा लक्षद्वीपमधले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर असेच पांढरे पडून मेले होते. समुद्रात जर ही गत, तर मे महिन्यात पंचेचाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या वऱ्हाडात काय होईल, याचा विचार आधी करायला हवा.

दुकानात जाण्याआधी कायदा

दिव्याच्या आधी हे सांगते, कारण इथे चुकलं तर नुसते पैसे जाऊन भागत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ साली प्रवाळांचा समावेश झाला. दगडी सांगाडा बांधणारे सगळे प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, बासऱ्यांच्या जुडीसारखे दिसणारे ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे, हे सगळे त्यात आले. म्हणजे आपल्या मेळघाटातल्या वाघाला जे संरक्षण, तेच यांना! गुन्हा शाबीत झाला तर तीन ते सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वाळलेल्या प्रवाळाचा तुकडा शोकेसमध्ये ठेवायला आणणंही यातून सुटत नाही. आणि परदेशी संरक्षित जातीचे जिवंत प्राणी घरात ठेवले, तर त्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते.

तेव्हा "ताई, सगळेच ठेवतात हो" या बोलण्यावर विसंबू नका. दगडी प्रवाळ घरात नकोच. मऊ जातींपैकी काही घ्यायचे झाले, तरी जातीचं नाव लिहिलेली पक्की पावती आणि ते कुठून आले याचे कागद मागा. कागद नसतील तर तसेच परत फिरा. शंका असेल तर वनविभागाच्या कार्यालयात विचारून घ्या. विचारायला पैसे पडत नाहीत.

वॅट, ल्युमेन आणि आपली फसगत

आता दिवा. खोक्यावर ठळक अक्षरांत वॅट आणि ल्युमेन छापलेले असतात. ल्युमेन म्हणजे आपल्या डोळ्यांना किती उजेड जाणवतो त्याचं माप. माणसाच्या डोळ्यांना हिरवट-पिवळा उजेड सगळ्यात जास्त दिसतो. प्रवाळाच्या अंगातल्या शैवालाला मात्र निळा उजेड प्यारा. समुद्रात पहिल्या काही मीटरमध्येच तांबडा रंग पाण्यात जिरून जातो आणि खाली निळा उरतो, त्याचीच त्याला सवय. म्हणून स्वयंपाकघरात लख्ख वाटणारा पिवळसर दिवा प्रवाळाला उपाशी ठेवतो, आणि आपल्याला मंद वाटणारा निळा दिवा त्याचं पोट भरतो.

खोक्यावर 'केल्विन' असा आकडाही असतो. ६,५०० केल्विनचा पांढरा दिवा गोड्या पाण्यातल्या वनस्पतींना चांगला. प्रवाळाच्या पेटीसाठी १०,००० ते २०,००० केल्विनचा, म्हणजे निळसर झाक असलेला दिवा घेतात.

शैवालाच्या कामाचा उजेड मोजायचं वेगळं यंत्र मिळतं. त्याच्या मापानं मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५० उजेड पुरतो, तर फांद्या फुटणाऱ्या दगडी जातींना २०० ते ३५० किंवा त्याहून जास्त लागतो. महागडे दिवे मुख्यतः या दगडी जातींसाठी बनवलेले असतात. त्या आपल्याला ठेवायच्याच नाहीत. मग त्यांचा दिवा कशाला घ्यायचा? जावेला सांगितलेला अठरा हजारांचा दिवा अशाच जातीचा निघाला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! हे मोजायचं यंत्र महाग असतं, ते विकत घेऊ नका. हौशी मंडळींपैकी कुणाकडे असेल तर तासाभरासाठी मागून आणावं.

आता वहीत हिशेब मांडू या

साधारण दोन फुटी पेटी धरू. लांबी ६० सेंटीमीटर, रुंदी आणि उंची ४०-४०. पाणी बसतं ९६ लिटर. दिवा रोज आठ तास, महिना तीस दिवसांचा. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून विजेचा भाव युनिटला दहा रुपये धरते. तुमचा खरा भाव काढायला बिलाच्या एकूण रकमेला युनिटांनी भागा.

*मेटल हलाइड दिवा, १५० वॅट.* पूर्वी हौशी लोक हाच वापरत. उजेड उन्हासारखा, पण उष्णताही तशीच. महिन्याला ३६ युनिटं, म्हणजे ३६० रुपये. वर्षाला ४,३२०.

*टी-फाइव्ह जातीच्या बारीक नळ्या, २४ वॅटच्या चार.* उजेड सगळीकडे सारखा पसरतो, हा यांचा मोठा गुण. महिन्याला सुमारे २३ युनिटं, वर्षाला साधारण २,७६० रुपये. शिवाय नळ्या पेटत राहिल्या तरी त्यांचा कस उतरतो, म्हणून वर्षाच्या आत-बाहेर बदलाव्या लागतात. तो खर्च वेगळा.

*एलईडी, खरे ५० वॅट.* महिन्याला १२ युनिटं, म्हणजे १२० रुपये. वर्षाला १,४४०.

*घरातली जुनी ३६ वॅटची ट्यूब.* चोकसकट ४५ वॅटच्या आसपास वीज घेते. माशांपुरती चालते, प्रवाळांना नाही पुरत.

हलाइड आणि एलईडी यांत वर्षाला २,८८० रुपयांचा फरक पडला. म्हणजे एलईडी दिवा घेताना चार हजार जास्त पडले, तरी दीड वर्षात ते फिटतात. शिवाय जेवढे वॅट, तेवढी शेवटी खोलीत उष्णता. ती काढायला पुन्हा वीज! आपल्याकडे तर हा दुहेरी भुर्दंड आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. दिवा आठ तास जळतो, पण पाणी फिरवणारा पंप चोवीस तास चालतो. नुसत्या १५ वॅटचा पंप महिन्याला जवळजवळ ११ युनिटं खातो, म्हणजे दिव्याएवढीच! दुकानात याबद्दल कुणी बोलत नाही. मीठही धरा. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पहिल्या भरणीलाच साडेतीन किलो खास मीठ लागतं, आणि आठवड्याला दहा लिटर पाणी बदललं तर महिन्याला दीड किलो.

खोक्यावरचे वॅट खरे की खोटे?

स्वस्त दिव्यांच्या खोक्यावर वाटेल तो आकडा असतो. तो पडताळायचा घरगुती उपाय सांगते. विजेच्या मीटरवर एक छोटा तांबडा दिवा लुकलुकत असतो, आणि जवळच '३२०० इम्प' असं काहीसं छापलेलं असतं. म्हणजे तो ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं.

फ्रिज, पंखे, इन्व्हर्टर, पेटीचा पंप, सगळं सहा मिनिटांपुरतं बंद करा. फक्त नवा दिवा चालू ठेवा आणि घड्याळ लावून लुकलुक मोजा. सहा मिनिटांत १६ वेळा लुकलुकलं, तर दिवा ५० वॅट घेतोय असं समजा. तुमच्या मीटरवर दुसरा आकडा असेल तर मोजलेल्या संख्येला दहा हजारांनी गुणा आणि मीटरवरच्या आकड्यानं भागा. मुलांना हे काम द्या, आवडीनं करतात आणि गणितही होतं. परत करायची मुदत संपायच्या आत मात्र हा प्रयोग व्हायला हवा.

कमी पैशात काय जमेल

दोन फुटी पेटीत मऊ प्रवाळांसाठी खरे ३० ते ५० वॅट घेणारा, निळे आणि पांढरे दिवे वेगवेगळे कमी-जास्त करता येणारा एलईडी पुरतो. पाण्यापासून २० ते ३० सेंटीमीटर उंच टांगावा. जास्त खाली आणला तर मधे भगभगीत आणि कोपऱ्यात अंधार होतो.

गावातले हुशार इलेक्ट्रिशियन अॅल्युमिनियमच्या पट्टीवर तीन-तीन वॅटचे दिवे जोडून देतात. दोन भाग गडद निळे, एक भाग पांढरे, असं प्रमाण सांगावं. निळा मात्र ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा हवा. सजावटीची निळी माळ चालत नाही. हा मार्ग स्वस्त आहे, पण काम जाणत्याकडूनच करून घ्यावं.

कारण खारं पाणी आणि वीज यांचं हाडवैर. पाण्याचे तुषार उडतात, मीठ वायरीवरून चढत जातं आणि गंजवतं. म्हणून हे नियम पाळाच:

तीन पिनांचा प्लग आणि चांगलं अर्थिंग असावं. ३० मिलिअँपिअरचं, गळती होताच वीज तोडणारं स्विच बसवून घ्यावं. दिवा आणि पाणी यांच्यामध्ये काच किंवा पारदर्शक झाकण हवं. वायर प्लगच्या खाली झोळीसारखी लोंबती ठेवावी, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत न जाता खाली ठिबकतो. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद करावं, अगदी रोजची सवय असली तरी! तीव्र निळा दिवा लहान मुलांच्या डोळ्यांसमोर येणार नाही अशी आड लावावी.

वाटेल तेव्हा दिवा लावणं-मालवणंही नको. गिझरला लावतो तसं टायमर थोडक्या पैशात मिळतं. रोज ठरल्या वेळी आठ तास उजेड आणि रात्री पूर्ण अंधार, हा जिवांचा दिनक्रम. खिडकीतलं ऊन फुकट मिळतं म्हणून पेटी खिडकीशी ठेवू नका. वऱ्हाडातलं ऊन पेटीचा काढा करतं.

माझी चूक

मुलगा गेल्यावर दुसऱ्या वर्षी पेटीतले मऊ प्रवाळ तपकिरी दिसायला लागले. माना लांब करून वर ताणल्यासारखे झाले. उजेड कमी पडतोय, हे माझं अनुमान बरोबर होतं. मी नवा जोरकस दिवा आणला आणि पहिल्याच दिवशी पूर्ण जोरावर आठ तास लावला. आठव्या दिवशी बघते तो एक-एक करून पांढरे पडलेले. मला वाटलं, अजून कमीच पडतोय की काय, म्हणून दोन तास आणखी वाढवले. पंधरवड्यात निम्मे गेले.

मुलाला फोनवर सांगताना माझा आवाज फुटेना. तो म्हणाला, "आई, उपाशी माणसाला एकदम पंगतीला बसवलंस गं."

तेव्हा हे ध्यानात ठेवा. तपकिरी होणं आणि ताणलं जाणं ही उजेड कमी असल्याची खूण. पांढरं पडणं ही बहुधा जास्त उजेडाची किंवा तापलेल्या पाण्याची खूण. नवा दिवा एकतृतीयांश जोरावर, रोज चार-पाच तासांनी सुरू करावा आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवावा. बाळाला पहिला भात भरवतो, तशा बेतानं.

मेलेले जीव लागलेले दगड धुवायला काढाल, तर एक मोठा धोका सांगून ठेवते. बटणांसारख्या दिसणाऱ्या काही जातींत अतिशय जहाल विष असतं. ते दगड उकळत्या पाण्यात कधीही टाकू नका. वाफेतून विष श्वासात जाऊन सबंध घर आजारी पडल्याच्या घटना परदेशांत घडल्या आहेत. ब्रशनं घासू नका, उघड्या हातानं हाताळू नका. हातमोजे आणि चष्मा घाला. पोळीपाटाजवळ किंवा भांड्यांच्या मोरीत तर हे काम मुळीच करू नका.

वऱ्हाडाचं पाणी आणि वऱ्हाडाचा उन्हाळा

भाऊजींचा एक युक्तिवाद होता. "वहिनी, आपला तर खारपाणपट्टा! विहिरीचंच पाणी खारट. मीठ विकत कशाला घ्यायचं?" पूर्णेच्या खोऱ्यातलं पाणी खारट आहे खरं, पण समुद्राचा खारटपणा वेगळा आणि हा वेगळा. त्यातल्या क्षारांचं प्रमाणच निराळं. लोणारचं सरोवरसुद्धा खारं आहे, म्हणून तिथे काही प्रवाळ उगवत नाहीत! उलट विहिरीच्या पाण्यातले नको ते क्षार पेटीत शेवाळ माजवतात. अमरावतीला ऊर्ध्व वर्धा धरणाचं आणि अकोल्याला काटेपूर्णेचं पाणी नळाला येतं, पण शुद्धीकरणासाठी घातलेलं क्लोरीन त्यात असतं. तेव्हा शुद्धीकरण यंत्राचंच पाणी घ्यावं आणि त्यात खास मीठ विरघळवावं. यंत्रातून वाया जाणारं पाणी फरशी पुसायला ठेवावं.

पेटीचं पाणी २५ ते २७ अंशांवर असावं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बंद खोलीच चाळिशीला टेकते. थंड करणारं यंत्र घ्यायचं म्हटलं, तर २५० वॅटचं यंत्र रोज दहा तास चाललं तरी महिन्याला ७५ युनिटं! एलईडी दिव्याच्या सहापट. म्हणजे वऱ्हाडात खरा खर्च उजेडापेक्षा गारव्याचा आहे.

आपला कोरडा उन्हाळा मात्र इथे थोडा मदतीला येतो. कूलर ज्या न्यायानं काम करतो, त्याच न्यायानं पाण्यावर तिरका लावलेला छोटा पंखा दोन-तीन अंश उतरवतो. पाणी रोज दोन-तीन लिटर उडतं, ते गोड्या शुद्ध पाण्यानं भरावं. मीठ उडत नाही, म्हणून पुन्हा घालू नये. पावसाळ्याच्या दमट हवेत ही युक्ती चालत नाही, पण तेव्हा ऊनही उतरलेलं असतं. पेटी कूलरच्या खोलीत, घराच्या उत्तरेच्या भिंतीशी ठेवावी. उन्हाळ्यात दिवा सकाळी सहा ते बारा लावावा आणि संध्याकाळी नुसता मंद निळा. दुपारचे तास टाळावेत.

वीज गेली तर? दिवा एक-दोन दिवस नसला तरी जीव तग धरतात. पाणी थांबलं तर मात्र प्राणवायूवाचून काही तासांत सगळं आटोपतं. म्हणून इन्व्हर्टरवर आधी पंप घ्या, दिवा मागून.

मग अकोल्यात काय ठरलं?

संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपून मी अकोल्याला गेले. वाण म्हणून जावेला टायमर नेलं होतं! जेवणं झाल्यावर वही उघडून आम्ही तिघं बसलो. भाऊजींना मी नाही म्हटलं नाही. नुसते तीन रकाने काढले.

पहिला रकाना प्रवाळांचा. दिवा, पंप, मीठ, उन्हाळ्यात गारवा, शिवाय कायद्याची काळजी आणि जीव जाण्याची धास्ती. दुसरा रकाना खाऱ्या पाण्यातल्या नुसत्या माशांचा. प्रवाळ कृत्रिम, धुता येणारे. दिवा १५-२० वॅटचा साधा, कारण आता तो फक्त पाहण्यापुरता. महिन्याला चार-पाच युनिटं. नारिंगी-पांढरे विदूषक मासे आता पैदास केंद्रांत वाढवलेले मिळतात. आपल्या राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठाननंही नवी मुंबईत ऐरोलीला समुद्री शोभेच्या माशांचं पैदास केंद्र उभं केलं. असे मासे घेतले की समुद्रातले ओरबाडून आणावे लागत नाहीत. तिसरा रकाना गोड्या पाण्याचा. ६,५०० केल्विनचा दिवा, हिरव्यागार वनस्पती, गप्पी आणि टेट्रा. ना मीठ, ना मोठा खर्च, आणि आपला उन्हाळाही त्यांना त्या मानानं सोसतो.

भाऊजी बराच वेळ पहिल्या रकान्याकडे बघत होते. लहानपणी मुंबईला, मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात वडिलांचा हात धरून पाहिलेले रंग त्यांच्या डोळ्यांसमोर होते. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी असंच, एकदाच्या मुंबई-वारीत पाहिलेलं. ते हळूच म्हणाले, "वहिनी, बाबांनी तेव्हा मला खांद्यावर घेतलं होतं." जाऊ माझ्याकडे बघत राहिली. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण हे तिला आजच कळलं होतं. हट्ट दिव्याचा नव्हताच.

मग तीच म्हणाली, "दुसरा रकाना घेऊ. आणि राहिलेले पैसे बाजूला टाकू. दिवाळीनंतर मालवणला जाऊ."

मला हे फार आवडलं. मालवणचा किनारा १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. तिथल्या पाण्यात प्रवाळ आहेत, आणि थंडीच्या दिवसांत पाणी निवळलं की जाणत्या माणसाबरोबर पाण्यात उतरून ते पाहता येतात. सूर्याचा दिवा, समुद्राचा गारवा, बिल शून्य! फक्त तिथे प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, तोडायचं काही नाही आणि आठवण म्हणून उचलूनही काही आणायचं नाही.

परवा जावेचा फोन होता. पेटी सुरू होऊन महिना झालाय. दोन विदूषक मासे आहेत, दिवा अठरा वॅटचा. मीटर मोजून पाहिलं, खरोखर अठराच घेतो. पोरीच्या क्लासची फी वेळेवर भरली गेली.

"आणि भाऊजी?" मी विचारलं.

"दिवेलागणीला टायमरचा टक् आवाज झाला, की पेपर बाजूला ठेवून पेटीपुढे बसतात. पोरगीही बसते त्यांच्याजवळ."